हत्तीची शिंक आणि मी आवरलेला कॉम्प्युटर

मी हात लावला की पसारा संपतो! ही आत्मस्तुती नव्हे. अख्खं आयुष्य औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या माणसाबद्दल हे कुणीही सांगेल. आजवर कुणी सांगितलं नाही म्हणून मी सांगतोय, इतकंच.

निवृत्त झालो त्याच आठवड्यात मी आमचं स्वयंपाकघर आवरलं. डबे उंचीप्रमाणे लावले. मीठ आणि साखर एकाच रंगाची, म्हणून अगदी एकसारख्या दोन डब्यांत. संध्याकाळी सौ.ने चहाचा एक घोट घेतला, उरलेला शांतपणे बेसिनमध्ये ओतला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही कुठेतरी नोकरी धरा. पगार नसला तरी चालेल!"

अशा रीतीने मी या केंद्रात आलो. मोठेपणी दृष्टी गेलेल्या माणसांना इथे नव्याने वाचायला, हिंडायला, स्वतःचं स्वतः करायला शिकवतात. मी ऑफिस सांभाळतो. पहिल्याच दिवशी मला इथला नियम सांगण्यात आला: इथली वस्तू कुणी हलवायची नाही. खुर्ची टेबलाच्या आत, बादली नळाखाली, दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद. ऐकून मला गहिवरून आलं! गोदामात ज्या नियमासाठी मी जन्मभर घसा कोरडा केला, तो इथे न सांगता पाळला जात होता. माझ्यासारख्या माणसासाठी याहून वेगळा स्वर्ग असेल असं वाटत नाही.

या स्वर्गात एकच कोपरा मला खुपायचा. ब्रेलच्या बाईंचा कॉम्प्युटर.

बाईंची दृष्टी लहानपणीच गेलेली. पण कॉम्प्युटरवर त्यांची बोटं अशी चालतात की आपण डोळे असून बघत राहावं. त्यांच्या मशीनवर चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. त्याला टर्मिनल म्हणतात. आपण एक हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचा, मशीन ते काम करतं आणि काय झालं ते मोठ्याने बोलून दाखवतं. बोलणारा आवाज नाकातला, कोरडा आणि कायम नाराज असतो. त्यामुळे केंद्रात सगळे त्याला 'मामंजी' म्हणतात. याच मशीनला ब्रेलचा प्रिंटर जोडलेला आहे. तो शाई वापरत नाही, जाड कागदावर टिंबं ठोकतो.

बाईंनी मला चार हुकूम शिकवले होते. 'सीडी' म्हटलं की आपण हव्या त्या कप्प्यात शिरतो. 'एलएस' म्हटलं की त्या कप्प्यात काय काय आहे ते मामंजी वाचून दाखवतात. असंच आणखी थोडंफार. चार हुकूम आले आणि मी स्वतःला इंजिनिअर समजू लागलो. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात ते उगाच नाही!

एका संध्याकाळी बाई घरी गेल्या आणि मी त्यांच्या मशीनमध्ये जरा फेरफटका मारला. एका फाइलमध्ये एक भलीमोठी ओळ दिसली. नुसते पत्ते! एकामागे एक, मध्ये दोन टिंबं देऊन चिकटवलेले, आणि त्यातले काही तर जवळजवळ सारखेच. गोदामात एका मालाला इतके पत्ते दिसले असते तर मी चौकशी बसवली असती. मी पहिला पत्ता ठेवला, तो बाईंच्या स्वतःच्या कप्प्याचा होता. बाकीचे पुसून टाकले. मग खात्री करायला 'एलएस' दिलं. मामंजींनी सगळं नीट वाचून दाखवलं. सगळं जिथल्या तिथे! मी मशीन आणि दिवे बंद केले, घरी गेलो आणि पुण्य केलेल्या माणसासारखा झोपलो.

आता गिअरभाऊंबद्दल सांगायला हवं. गिअरभाऊ म्हणजे आमचे बसड्रायव्हर. आयुष्यभर बस चालवली, मग दृष्टी गेली. अजूनही खुर्चीत बसले की हातातल्या काठीला अधूनमधून गिअर टाकतात. त्यांना एक नात आहे, टिंगी. आजोबांनी तिला रोज झोपताना शिंक अडकलेल्या हत्तीची गोष्ट वाचून दाखवायची हा घरचा रिवाज होता. डोळे गेले तसा तो बंद पडला. एकदा ती पुस्तक घेऊन त्यांच्या मांडीवर बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी मोठी झाले की मीच तुम्हाला वाचून दाखवीन." गिअरभाऊ दुसऱ्याच दिवशी आमच्या केंद्रात दाखल!

स्टिअरिंग फिरवून फिरवून त्यांच्या बोटांना घट्टे पडलेले. टिंबं बोटाला लागायचीच नाहीत. वर्षभर त्यांनी बोटं कोमट पाण्यात बुडवली, तेल चोळलं, चुकले, चिडले, पुन्हा बसले. आता त्यांना वाचता येत होतं. बाईंनी हत्तीची अख्खी गोष्ट ब्रेलमध्ये टाइप करून ठेवली होती. फक्त छापायची राहिली होती, कारण ब्रेलचा कागद संपला होता. आणि टिंगीच्या वडिलांची बदली झाली होती. मी मशीन आवरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशीची ही गोष्ट. उद्या सकाळी टिंगी आईवडिलांबरोबर दुसऱ्या गावी जाणार होती. आज शाळा सुटली की टिंगी केंद्रात येणार, आजोबा तिला गोष्ट वाचून दाखवणार. आजच. उद्या नाही.

नेमकं आजच बाईंना प्रशिक्षणासाठी परगावी जावं लागलं. जाताना म्हणाल्या, "दुपारी कागद येईल. तुम्ही फक्त 'छाप' असा हुकूम द्या. तो मी तयार करून ठेवलाय. बाकी सगळं मशीन करेल."

"बाई, तुम्ही निर्धास्त जा! हा माझ्या डाव्या हाताचा मळ आहे!"

कागद आला. गिअरभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून, माझ्या शेजारी येऊन बसले. मी मशीन सुरू केलं. 'सीडी' टाइप केलं. गोष्टीच्या कप्प्यात सुखरूप शिरलो.

"शिरलो बरं का, गिअरभाऊ!"

"शाब्बास, स्टोअरसाहेब! घ्या पुढे!"

आत गोष्ट आहे ना, हे बघावं म्हणून मी 'एलएस' दिलं.

मामंजी खाकरले आणि नाकातून म्हणाले, "एलएस. कमांड नॉट फाउंड."

"काय म्हणतायत?" गिअरभाऊंनी विचारलं.

"काही नाही. त्यांना ऐकू आलं नसेल." मी पुन्हा टाइप केलं. जरा जोरात.

"एलएस. कमांड नॉट फाउंड."

पडदा पुसावा म्हणून 'क्लिअर' दिलं. कमांड नॉट फाउंड! तारीख विचारली. कमांड नॉट फाउंड! तारीख माहीत नसलेला कॉम्प्युटर मी पहिल्यांदाच बघत होतो. पुन्हा 'सीडी' दिलं तर मात्र तो निमूटपणे एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेला.

"विचित्रच आहे," मी म्हणालो. "आत शिरता येतंय, पण आत काय आहे ते दिसत नाहीये!"

गिअरभाऊ खो खो हसायला लागले. "मग त्याचं नाव आमच्या वर्गात घाला की!"

मला हसू येईना. मी थेट 'छाप' दिलं. हा हुकूम मात्र मशीनला सापडला! माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच बाहेर आला. कारण 'छाप'ने कामाला सुरुवात केली आणि मामंजींनी तोंडाचा पट्टा सोडला. हे नॉट फाउंड, ते नॉट फाउंड, अमुक नॉट फाउंड, तमुक नॉट फाउंड! लग्नातला मानपान राहून गेल्यासारखे थांबेचनात. मी आवाज कमी करायला बटण फिरवलं. ते उलट्या बाजूला फिरलं. आता मामंजी सबंध इमारतीला ऐकू जायला लागले. शेजारच्या खोलीत विणकामाचा वर्ग चालू होता. तिथून एक आजी ओरडल्या, "अरे, काय शोधताय इतकं? आम्ही येऊ का शोधायला?"

मी आमच्या मेहुण्यांना फोन लावला. ते कॉम्प्युटरचे जाणकार आहेत, म्हणजे त्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे.

"बंद करून पुन्हा चालू करा," ते म्हणाले.

मी बंद करायचा हुकूम दिला. मामंजी म्हणाले, "कमांड नॉट फाउंड."

"अहो, तो बंद व्हायलाही तयार नाही!"

"मग प्लग काढा!"

प्लग काढला, पुन्हा लावला. मशीन उठलं. 'एलएस'? नॉट फाउंड!

"आता काय करू?"

"आता पुन्हा बंद करून चालू करा," मेहुणे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मशीन नाही तर नाही, निदान प्रिंटर तरी चालतोय का बघू, म्हणून मी प्रिंटरवरचं एक गोल बटण दाबलं. आणि तो सुरू झाला! खडखड खडखड! टेबल हललं, पेनं घरंगळली, पानामागून पान बाहेर पडायला लागलं.

"आली! गोष्ट आली!" गिअरभाऊंनी पहिलं पान झडप घालून उचललं, मांडीवर घेतलं आणि त्यावर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा उजळला. "अ... अ... अ... अ... बरोबर! हत्तीला शिंक येतेय!"

मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"अ... अ... अ..." गिअरभाऊ ओळीमागून ओळ वाचत होते. पान संपलं. दुसरं घेतलं. "अ... अ... अ..." तिसरं घेतलं. बोट मधेच थांबलं.

"स्टोअरसाहेब, हा हत्ती शिंकणार कधी?"

मग मी त्या बटणाखालची बारीक अक्षरं वाचली. ते प्रिंटरच्या चाचणीचं बटण होतं! एकच अक्षर ठोकत बसायचं, एवढंच त्याचं काम. ते थांबवायलाही मला प्लगच काढावा लागला.

गिअरभाऊंनी पानं एकावर एक ठेवली. काठीला गिअर टाकला नाही. वर्षभर त्या माणसाने बोटं सोलून घेतली होती आणि मला एक शब्द टाइप करून गोष्ट छापता येत नव्हती!

बाईंना फोन लावला. त्या वर्गात होत्या. तिथल्या कुणा दुसऱ्याच बाईने उचलला. मी घाईघाईत म्हणालो, "बाईंना म्हणावं, केंद्रातलं सगळं गेलं! काही म्हणजे काही सापडत नाहीये! कुणीतरी पळवलंय!"

हे मी त्या बाईला सांगत होतो, पण ऐकलं गिअरभाऊंनी. ते ताडकन उठले. "चोरी? माझ्या गाडीत?" आणि काठी आडवी धरून दारात उभे राहिले. "कुणी बाहेर जायचं नाही!"

त्याच वेळी कागदवाला पावतीवर सही घ्यायला परत आला होता. गिअरभाऊंनी त्याला काठीने अडवलं.

"काय नेलंस? खाली ठेव!"

"अहो, मी आणून दिलंय!"

"सगळे असंच म्हणतात! आधी तिकीट दाखव!"

विणकामाचा वर्ग सुया घेऊन बाहेर आला. त्या आजींनी कागदवाल्याचा दंड चाचपून पाहिला आणि जाहीर केलं, "काटकुळा आहे. ह्याच्याच्याने कॉम्प्युटर उचलवणार नाही." बिचाऱ्याची सुटका झाली. सही न घेताच गेला तो.

तेवढ्यात फोन वाजला. बाई!

"काय गेलं?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता.

"हुकूम, बाई! सगळे हुकूम चोरीला गेले! एलएस नाही, क्लिअर नाही, तारीखसुद्धा नाही!"

"सीडी चालतंय?"

"तेवढंच चालतंय."

"मग घाबरू नका. सीडी मशीनला तोंडपाठ असतं. बाकीचे हुकूम कपाटांत ठेवलेले असतात, हाक मारली की मशीन तिथून काढून आणतं. त्या कपाटांचे पत्ते एका ओळीत लिहिलेले असतात. ती ओळ वाचून दाखवायला सांगा." आणि त्यांनी काय टाइप करायचं ते एकेक अक्षर सांगितलं.

मी एंटर दाबलं. मामंजींनी एकच पत्ता वाचला. बाईंच्या कप्प्याचा. आणि गप्प झाले.

माझ्या कानात कालची संध्याकाळ वाजायला लागली.

"तिथे बरेच पत्ते होते," बाई हळूच म्हणाल्या. "कुणी आवरलं का हो?"

"पण... पण मी काल तपासलं होतं! पुसल्यावरही एलएस चाललं होतं!"

"काल मशीन आधीपासून चालू होतं ना? त्याने ती ओळ सकाळीच वाचून ठेवली होती. आज उठल्यावर नव्याने वाचली, तर त्यात एकच कपाट, माझं. त्यात फक्त 'छाप' आहे."

मी खुर्चीत बसलो. म्हणजे काही चोरीला गेलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं. सगळं आपापल्या जागी होतं. फक्त ते कुठे शोधायचं, एवढंच मी पुसून टाकलं होतं! 'वस्तू हलवायची नाही' हा नियम मी तंतोतंत पाळला होता, आणि तरीही सगळ्यांचा रस्ता मोडून ठेवला होता.

"म्हणजे गाडी ठीक, रस्ता ठीक," गिअरभाऊ म्हणाले, "ह्यांनी फक्त थांब्यांची पाटी पुसली!"

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो. "मला वाटलं, पसारा आहे."

बाई हसल्या. खरंच हसल्या! "मी शाळेत असताना आई माझी खोली आवरायची. फार मायेने. मग मी संध्याकाळभर पेन शोधत बसायचे. मायेने आवरणाऱ्या माणसांची मला सवय आहे. चला, बोटं ठेवा कीबोर्डवर. टिंगी किती वेळात येईल?"

त्या क्षणी बाई समोर असत्या तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. त्या माझ्याहून वयाने बऱ्याच लहान आहेत, तरीही!

त्या एकेक पत्ता सांगत गेल्या. तिरकी रेघ, अमुक, तिरकी रेघ, तमुक, दोन टिंबं, पुढचा पत्ता. गिअरभाऊ शेजारी उभे राहून प्रत्येक पत्ता मोठ्याने परत म्हणत होते, कंडक्टर थांबे पुकारतो तसे. "उतरणारे पुढे या!" असंही मधूनमधून म्हणत होते. ओळ पूर्ण झाली. एंटर दाबलं. मग 'एलएस'.

मामंजी खाकरले. आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. कप्प्यातल्या एकेका फाइलचं नाव! तो नाकातला आवाज मला इतका गोड कधीच वाटला नव्हता. शेजारच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. आवाजाचं बटण अजून उलटंच होतं ना!

"आता छाप," बाई म्हणाल्या. "आणि फाइलमधली ती ओळ मी परत आल्यावर नीट करेन. मी करेन. तुम्ही नाही."

"नाही बाई. अजिबात नाही बाई."

खडखड खडखड! पानं यायला लागली. गिअरभाऊंनी पहिल्या पानावर बोट टेकवलं. मग एकच शब्द म्हणाले, "हत्ती."

शेवटचं पान पडतंय तोच दारातून दप्तरासकट टिंगी धावत आली. मी घाईघाईने पानं गोळा केली, कडा जुळवल्या, सुंदर गठ्ठा केला आणि आजोबांच्या मांडीवर ठेवला. टिंगी त्यांना चिकटून बसली. आम्ही सगळे काम असल्याचं सोंग करून आजूबाजूला रेंगाळत राहिलो.

गिअरभाऊ वाचत होते. हळू, अडखळत, पण वाचत होते. हत्ती नदीवर गेला. हत्तीने मिरीच्या झाडाचा वास घेतला. हत्तीच्या सोंडेत शिंक अडकली. पान उलटलं. त्यांनी बोट ठेवलं आणि एकदम थबकले.

चाचणीचं पान! सुंदर गठ्ठा करताना त्यातलं एक मी मध्ये बसवलं होतं!

गिअरभाऊंनी माझ्या दिशेने तोंड केलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. "अ... अ... अ... अ..." एक ओळ, दोन ओळी, अख्खं पान! आवाज चढत गेला, काठीला गिअरवर गिअर पडत गेले. टिंगीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. पान संपलं आणि गिअरभाऊ असे काही शिंकले की विणकामवाल्या आजींच्या हातातली सुई पडली!

टिंगी हसून हसून लोळली. "आजोबा, पुन्हा! ते पान पुन्हा! आधी कधी तुम्ही असं वाचलंच नव्हतं!"

"तेव्हा डोळ्यांनी वाचायचो गं," गिअरभाऊ म्हणाले.

ते पान त्यांनी तीनदा वाचलं. जाताना टिंगी ते पान मागून घेऊन गेली. मी डोळ्यात काहीतरी गेल्याचं सांगून बाहेर नळावर गेलो. तोंड धुतलं, बादली होती तिथेच ठेवली. ज्या माणसांचा दिवस मी मातीत घालणार होतो, त्यांनी मला त्यांच्या हसण्यात सामील करून घेतलं होतं. गोदामात इतकी वर्षं काढली, पण माझी चूक कुणी अशी उचलून, गोष्टीत गुंफून मला परत दिली नव्हती. घरी जाऊन सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "देव त्या बाईंचं भलं करो. त्यांनी तुम्हाला काढलं असतं तर तुम्ही घरी आला असता!"

काही दिवसांनी ऑफिसात आलो तर बाईंच्या कॉम्प्युटरवर प्लास्टिकची एक पट्टी चिकटवलेली दिसली. त्यावर ब्रेलची टिंबं. पट्टी जरा तिरकी लागली होती. मी आजूबाजूला पाहिलं. कॉम्प्युटरला हात लावायचा नव्हता हे मान्य, पण पट्टी म्हणजे काही कॉम्प्युटर नव्हे! हलकेच सोडवली, फूटपट्टीने मोजून अगदी सरळ चिकटवली.

गिअरभाऊ आले. मशीनवरून हात फिरवताना त्यांचं बोट पट्टीवर गेलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग मान खाली घालून हात उलटा करून वाचलं आणि हसू लागले.

"काय हो? काय लिहिलंय?"

"बाईंनी लिहिलंय, 'स्टोअरसाहेब, आवरू नका. आहे तसं छान आहे.'"

"अरे वा! मग हसताय काय?"

"तुम्ही उलटी चिकटवलीय!"